अंबाबरवा: सातपुड्याच्या कातळाचे अभयारण्य

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, अंबाबरवा वन्यजीव अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे असून मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा तो एक भाग आहे. उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द, पूर्वेला वान नदीचे खोरे, पश्चिमेला जळगाव जामोद तालुक्यातले डोंगर आणि दक्षिणेला पूर्णेचे सपाट काळे रान अशी त्याची चतुःसीमा आहे. येथे येणारा पर्यटक बहुधा वाघ, अस्वल किंवा गवा दिसेल या आशेने येतो. ज्या कातळावर हे सारे जंगल उभे आहे, त्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

वास्तविक संग्रामपूर तालुका हा भूशास्त्राचा उघडा धडा आहे. पूर्णेच्या काठावरून निघून उत्तरेकडे जाणारा माणूस अवघ्या काही तासांत तीन वेगळ्या भूमी ओलांडतो. पहिली खारपाणाची, म्हणजे खाऱ्या भूजलाची, दुसरी डोंगरपायथ्याच्या दगडगोट्यांची आणि तिसरी सातपुड्याच्या काळ्या कातळाची. तालुक्यातली कोणती विहीर गोडी आणि कोणती खारी, कोठे संत्र्याची बाग लागते आणि कोठे केवळ कोरडवाहू कपाशी, कोठे साग वाढतो आणि कोठे सालई, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या तीन पट्ट्यांत दडलेली आहेत. अंबाबरव्याची भेट खऱ्या अर्थाने पुरी व्हायची, तर हे पट्टे ओळखता आले पाहिजेत.

खडकांसाठी राखलेली उद्याने

केवळ खडकांचे आकार पाहण्यासाठी लाखो माणसे प्रवास करतात, अशी राष्ट्रीय उद्याने जगात अनेक आहेत. त्यांतली बरीचशी वाळवंटी प्रदेशात आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात असलेल्या जोशुआ ट्री या ठिकाणाला १९९४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे जमिनीच्या पोटात थंड झालेला ग्रॅनाइटी खडक वरचे आवरण झिजल्यावर उघडा पडला आणि त्याच्या भेगांमधून पाणी मुरत गेल्याने गोलसर शिळांचे प्रचंड ढीग तयार झाले. युटा राज्यातील आर्चेस उद्यानात वालुकाश्माच्या दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. तेथील वालुकाश्माखाली मिठाचे जाड थर आहेत. वरच्या ओझ्याने मीठ सरकले, वरचा खडक तडकला आणि त्या तडांतून पुढे कमानी कोरल्या गेल्या. भारतातील मोठ्या वाळवंटी उद्यानासाठी राजस्थानात जावे लागते. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले ‘मरुभूमी राष्ट्रीय उद्यान’ ३,१६२ चौरस किलोमीटरचे असून माळढोकाचे ते अखेरचे मोठे आश्रयस्थान आहे. जैसलमेरजवळ आकल येथे दगड झालेली, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडांची खोडे पाहायला मिळतात.

वाळवंटात खडक ठळक दिसतो, कारण त्याला झाकायला माती थोडी असते आणि झाडे त्याहून थोडी. अंबाबरवा वाळवंट नाही. ते कोरड्या पानझडी जंगलाचे रान आहे. तरीही वर्षातले काही महिने तेथे वाळवंटासारखीच परिस्थिती असते. फाल्गुनात सागाची पाने गळतात, चैत्र-वैशाखात गवत वाळून जाते, नाले आटतात आणि वऱ्हाडचे ऊन ४५ अंशांच्या घरात पोचते. अशा वेळी पावसाळ्यात हिरवाईखाली लपलेले कडे, थर आणि घळी स्पष्ट दिसू लागतात. प्राणी पाहणाऱ्याला उन्हाळा पाणवठ्यांमुळे सोयीचा असतो, खडक पाहणाऱ्याला तो उघड्या डोंगरामुळे.

लाव्ह्याचे थर

अंबाबरव्याचा डोंगर बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. एकच शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी फुटावा, तसा हा प्रकार नव्हता. लाव्हा भेगांतून वाहून सपाट पसरला, थंड झाला आणि काही काळाने त्यावर पुढचा थर आला. अशा एकावर एक थरांनी दख्खनचे पठार बनले. आज शिल्लक असलेले त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग त्याने व्यापलेला आहे. पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे होण्याचा काळ आणि या उद्रेकांचा काळ एकमेकांना लागून आहेत. त्या विनाशात लाव्ह्याचा वाटा किती आणि उल्कापाताचा किती, यावर शास्त्रज्ञांचा अभ्यास अजून चालू आहे.

प्रत्येक थराचे अंग सारखे नसते. थराच्या मधला भाग हळू थंड झाल्यामुळे घट्ट आणि टणक होतो. वरच्या भागात लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतात. तेथे खडक सच्छिद्र राहतो. पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून गारगोटी, अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील पांढरे-गुलाबी स्फटिक भरतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी रंगाची मातकट पट्टी आढळते. एक थर थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती बनली आणि पुढच्या तप्त थराने ती भाजून काढली, अशी या पट्टीची सर्वसाधारण उपपत्ती आहे. डोंगराच्या कापलेल्या कडेला ही तांबडी रेघ दिसली, की तेथे दोन उद्रेकांमधला विसाव्याचा काळ नोंदला गेला आहे असे समजावे.

टणक भाग झिजायला वेळ घेतो, म्हणून तो उभ्या कड्याच्या रूपात राहतो. सच्छिद्र भाग लवकर झिजतो आणि त्याचा उतार बनतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी सातपुड्याची पायऱ्यापायऱ्यांची घडण यातून झाली आहे. काही ठिकाणी थंड होताना आक्रसलेल्या लाव्ह्याला उभ्या भेगा पडून बहुकोनी खांब तयार होतात. मुंबईतील अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे अशा खांबांचे महाराष्ट्रातले प्रसिद्ध उदाहरण आहे. उघड्या उतारावर बेसाल्ट वेगळ्या रीतीने झिजतो. भेगांनी तुटलेल्या चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशा त्याच्या पाती सुटत जाऊन आत एक गोल, टणक गाभा उरतो. भोवतीचा भुसभुशीत भाग म्हणजे मुरूम. नाल्यांच्या पात्रात जेथे उघडा कातळ लागतो, तेथे पुराच्या पाण्यात गरगरणारे गोटे खडकात खळगे कोरतात. पुणे-अहिल्यानगर सीमेवर निघोजजवळ कुकडी नदीतले रांजणखळगे याच क्रियेने घडले. फरक आहे तो आकारमानाचा.

तुटलेली कडा

सोनाळा किंवा टुनकीच्या बाजूने पाहिले, तर सातपुडा मैदानातून एकाएकी उभा राहिल्यासारखा वाटतो. मधे टेकड्यांची हळूहळू चढत जाणारी रांग जवळजवळ नाही. याचे कारण डोंगराच्या पायथ्याशी, पूर्व-पश्चिम दिशेने गेलेल्या एका मोठ्या प्रस्तरभंगात आहे. भूशास्त्रज्ञ त्याला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. या रेषेवर भूकवच तुटले. उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खाली गेला. वर राहिलेला भाग म्हणजे गाविलगडचे डोंगर. मेळघाटातील वैराट हे त्यांचे सर्वोच्च शिखर ११७८ मीटर उंच आहे. खाली गेलेल्या भागात पूर्णेचे खोरे आहे.

दख्खनच्या पठारावरील गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्या पूर्वेकडे वाहतात, तर पूर्णा आणि तापी पश्चिमेकडे. बैतूल जिल्ह्यात उगम पावलेली पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा असा प्रवास करून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. तिची ही पश्चिमेची वाट भूकवचाच्या या खचलेल्या पट्ट्याने आखून दिली आहे.

याच प्रस्तरभंगामुळे पूर्वेकडे अमरावती जिल्ह्यात सालबर्डी आणि बहिरम परिसरात बेसाल्टच्या खालचे जुने खडक वर आलेले दिसतात. सालबर्डीच्या थरांत डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. जवळच, महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील वालुकाश्माच्या गुहांमध्ये अमरावतीच्या हौशी संशोधकांच्या गटाला २००७ साली प्राचीन शैलचित्रे आढळली. अंबाबरव्यात हे जुने खडक लाव्ह्याच्या थरांखाली गाडलेले आहेत, म्हणून तेथे चित्रांच्या गुहा शोधण्यात अर्थ नाही. बेसाल्टच्या कपारी उथळ आणि खडबडीत असतात. चित्रकारापेक्षा अस्वलाला त्या अधिक उपयोगी पडतात.

पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा

डोंगरातून उतरणारे नाले मैदानात शिरताच त्यांचा वेग मोडतो आणि बरोबर आणलेले ओझे ते तेथेच टाकतात. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग जाड वाळू असा हा माल हजारो वर्षे साचत गेला. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी एक पंखा पसरला आणि असे अनेक पंखे एकमेकांत मिसळून डोंगराच्या पायथ्याशी सलग पट्टा तयार झाला. भूजलशास्त्रात त्याला बजाडा म्हणतात. अशी रचना वाळवंटी डोंगरांच्या पायथ्याशी विशेष आढळते. कोरड्या प्रदेशातील उद्यानांची आठवण संग्रामपुरात सर्वांत जास्त येते, ती या पट्ट्यात.

पावसाळ्यात डोंगरातून रोंरावत आलेला नाला या पट्ट्यात आला, की काही अंतरावर दिसेनासा होतो. पाणी दगडगोट्यांच्या फटींतून खाली जाते आणि पात्र कोरडे पडते. वरवर पाहता ही जमीन तहानलेली वाटते, परंतु खोलवर तिच्यात गोडे पाणी साठते. तालुक्याच्या उत्तर भागातील संत्र्याच्या बागा याच पाण्यावर उभ्या राहिल्या. पाणी खोल असल्याने विहिरी खोल खणाव्या लागतात. पुढे कूपनलिका आल्या आणि त्यांची खोली वाढत गेली. मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा अधिक झाला, तर या पट्ट्यालाही उतार लागतो.

या पट्ट्याची पाणी मुरवण्याची ताकद ‘तापी महापुनर्भरण’ या आंतरराज्य योजनेच्या मुळाशी आहे. तापीचे पावसाळी पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी आणून बजाड्यात मुरवायचे, अशी तिची कल्पना. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी भोपाळ येथे तिच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. लाभक्षेत्रात जळगाव, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांबरोबर बुलढाण्याचा समावेश आहे. योजना पूर्ण व्हायला अवकाश आहे. पण निसर्गाने हे पुनर्भरण आधीपासून चालू ठेवले आहे आणि त्यासाठी लागणारे एकच साधन अंबाबरव्यात आहे: वरच्या उतारावरचे राखलेले जंगल. झाडे आणि पालापाचोळा पावसाचे पाणी थोपवून सावकाश सोडतात. उतार उघडा पडला, तर तेच पाणी गाळ घेऊन येते आणि गाळाने पायथ्याच्या फटी बुजतात.

खारपाण

पायथा सोडून दक्षिणेला गेले, की दगड नाहीसा होतो आणि खोल काळी माती सुरू होते. खचलेल्या खोऱ्यात पूर्णेने आणि तिच्या उपनद्यांनी आणलेला गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरहूनही अधिक जाडीचा आहे. या गाळात अकोला जिल्ह्यात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला आहे. सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या महास्फोटातून उडालेल्या राखेशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात.

या गाळाच्या पोटातले पाणी खारे आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील जवळपास नऊशे गावे खारपाण पट्ट्यात येतात. संग्रामपूर तालुक्याचा दक्षिण भाग त्यातलाच. बारीक चिकणमातीतून पाणी फार सावकाश सरकते, निचरा कमी होतो, कोरड्या हवेत बाष्पीभवन भरपूर होते आणि क्षार मागे राहतात. मातीत सोडियमचे प्रमाण वाढले, की तिचे कण विस्कटतात; पावसात ती चिखल होते आणि उन्हात दगडासारखी कडक. खाऱ्या विहिरीचे पाणी पिकाला दिले, तर जमीन आणखी बिघडते. म्हणून येथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या पावसाच्या भरवशावर कपाशी, तूर, ज्वारी आणि हरभरा घेत आला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून ते संरक्षित ओलितासाठी वापरणे हा त्यातून पुढे आलेला एक व्यवहार्य मार्ग ठरला.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील खारपाण गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे दगावल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. दोन्ही तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. तिचा उगम आहे अकोला-बुलढाणा सीमेजवळ वारी येथे वान नदीवर बांधलेल्या हनुमान सागर धरणात. सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर साठवणक्षमतेच्या या धरणात येणारे पाणी मेळघाटच्या डोंगरांतले आहे. खारपाणातल्या घरातला गोड्या पाण्याचा हंडा सातपुड्याच्या कातळावर आणि त्यावरच्या जंगलावर अवलंबून आहे, हे येथे निर्विवाद सिद्ध होते.

कातळावरचे जंगल

खडक बदलला की झाड बदलते. अंबाबरव्याच्या ज्या उतारांवर मुरूम आणि माती साचली आहे, तेथे साग, ऐन, तेंदू, मोह आणि पळस वाढतात. नाल्यांच्या काठी ओलावा टिकतो. तेथे जांभूळ, अर्जुन आणि बांबू आढळतात. कड्यांच्या माथ्यावर आणि उघड्या उतारांवर माती जवळजवळ नसते. तेथे सालई, धावडा आणि कांडोळ तग धरतात. कांडोळाची पांढुरकी, गुळगुळीत साल उन्हाळ्यात दुरूनच चमकते आणि त्याची मुळे खडकाच्या चिरेत शिरून तिला रुंदावतात. कांडोळ आणि सालई या दोन्ही झाडांचा डिंक औषधी म्हणून विकला जातो. चुकीच्या रीतीने खोल खाचा पाडल्या, तर झाड वाळून मरते.

प्राण्यांनीही कातळाची वाटणी करून घेतली आहे. कड्यांखालच्या कपारी अस्वलांच्या आणि साळिंदरांच्या वस्तीच्या जागा आहेत. बिबट कड्यावरून खालचे नाले न्याहाळतो. दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून जेथे झिरा फुटतो, तेथे उन्हाळ्यात सांबर, भेकर, रोही, गवा आणि रानडुकरे पाण्यावर येतात. त्यांच्या मागोमाग वाघ आणि रानकुत्रे. म्हणून पाणवठ्यांचा नकाशा हा एका अर्थी खडकांच्या थरांचाच नकाशा असतो. मेळघाटाला पक्षीशास्त्रातही मोठे स्थान आहे. शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली सातपुड्यातच, शहादा परिसरात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटात त्याची चांगली संख्या असल्याचे आढळले.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याची स्थापना १९७३-७४ ची. अंबाबरवा त्याच्या नैर्ऋत्य बाजूला येते. येथून वाघांना मध्य प्रदेशकडच्या आणि जळगावच्या यावलकडच्या सातपुड्यात जाण्याची वाट आहे. वाघ किती दूर जाऊ शकतो, हे याच जिल्ह्याने पाहिले. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला तरुण वाघ हजारांहून अधिक किलोमीटर भटकून २०१९ च्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता.

माणसे, गड आणि रेल्वे

या डोंगरात कोरकू, भिलाला, निहाल या आदिवासी समाजांची वस्ती आहे. अभयारण्याला नाव देणारे अंबाबरवा आणि शेजारचे रोहिणखिडकी ही गावे व्याघ्र प्रकल्पाच्या पुनर्वसन योजनेत डोंगराखाली आली. केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे १० लाख रुपयांची असलेली मदत २०२१ मध्ये १५ लाख करण्यात आली. गावे उठल्यावर शेताच्या जागी गवताची कुरणे वाढतात आणि तृणभक्षी प्राणी तेथे जमतात. उठून आलेल्या कुटुंबांना मात्र नवी जमीन, नवे शेजारी आणि रोजगाराचा नवा शोध यांना तोंड द्यावे लागते. जंगलातला झिरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो आणि कोणत्या घळीत सावली असते, हे ज्ञान याच लोकांकडे आहे. वनरक्षक, मार्गदर्शक, संरक्षण मजूर या कामांत त्यांना प्राधान्य देणे न्यायाचे आहे आणि जंगलाच्या हिताचेही.

कातळाची ताकद राज्यकर्त्यांनीही ओळखली होती. बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळात, १४२५ च्या सुमारास, गाविलगड उभारला गेला आणि नरनाळ्याची डागडुजी झाली. दोन्ही गड बेसाल्टच्या सपाट माथ्यावर आहेत. भोवतालचे उभे कडे हा त्यांचा पहिला तट. माथ्यावर खोदलेल्या तलावांत कातळ पाणी धरून ठेवतो, म्हणून गड वेढ्यात टिकत. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या मैदानात लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड इंग्रजांच्या हाती गेला. मैदानातली लढाई आणि डोंगरावरचा गड यांच्यामधली रेषा म्हणजे पुन्हा तोच प्रस्तरभंग.

विसाव्या शतकात रेल्वेलाही या कड्याशी झुंज द्यावी लागली. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग मेळघाटातून जात असे आणि चढ चढण्यासाठी धूळघाटजवळ रुळांना पूर्ण वेटोळे घ्यावे लागे. रुंदीकरणाचा प्रश्न आला, तेव्हा व्याघ्र प्रकल्पातून मार्ग नेण्यास वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला. हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार असा वळसा घालणारा पर्याय त्यातून पुढे आला. या पर्यायाने गाभ्यातले जंगल वाचते आणि संग्रामपूर तालुक्यालाही रेल्वे मिळू शकते. मार्ग पायथ्याच्या पट्ट्यातून जाणार असल्याने नाल्यांच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि प्राण्यांसाठी पुरेसे भुयारी रस्ते बांधणे आवश्यक आहे.

जिल्ह्याचे दुसरे टोक: लोणार

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला हा कातळ प्रस्तरभंगाने तुटलेला दिसतो, तर दक्षिणेला लोणार येथे तो आकाशातून आलेल्या आघाताने फुटलेला. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे १५० मीटर खोल आहे. बेसाल्टमध्ये घडलेली आणि चांगल्या स्थितीत टिकलेली उल्काघाती विवरे जगात फार थोडी आहेत. प्रचंड दाबाखाली तयार होणारे मॅस्केलिनाइट हे काचेसारखे द्रव्य येथे मिळाल्याने १९७३ साली विवराचे उल्काघाती मूळ पक्के झाले. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघते. २०२० च्या जून महिन्यात तळ्याचे पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. अंबाबरवा आणि लोणार ही दोन ठिकाणे एकाच सहलीत पाहणाऱ्याला एकाच खडकाची दोन वेगळी चरित्रे समजतात.

भेट कशी द्यावी

अंबाबरव्याला जाण्यासाठी सर्वांत सोयीचे मोठे रेल्वेस्थानक शेगाव आहे. मुंबई-नागपूर मार्गावरील हे स्थानक गजानन महाराजांच्या समाधिस्थानामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. शेगावहून पूर्णा ओलांडून वरवट बकालमार्गे संग्रामपूर आणि तेथून उत्तरेला सोनाळा किंवा टुनकी असा रस्ता आहे. हा रस्ता दिवसाउजेडी आणि सावकाश करावा, कारण सहलीचा अर्धा अभ्यास याच वाटेवर होतो. पूर्णेच्या काठी खोल गाळाच्या दरडी दिसतात, पुढे काळे सपाट रान लागते, मग शेताच्या धुऱ्यांवर वेचून टाकलेल्या गोट्यांचे ढीग वाढू लागतात आणि समोर कडा उभा राहतो.

अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते. पावसाळ्यात गाभ्यातील पर्यटन बंद असते. कार्तिक ते माघ हे महिने हवामानाला सुखाचे. खडक आणि प्राणी पाहण्यासाठी चैत्र-वैशाख उत्तम, परंतु सकाळची आणि संध्याकाळचीच वेळ निवडावी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्याचे निरीक्षण करण्याचा ‘निसर्गानुभव’ उपक्रम वन विभाग राबवतो. वाहनातून खाली उतरणे, कड्याच्या कपारींकडे जाणे टाळावे. अस्वलाशी अचानक गाठ पडणे जिवावर बेतते. दुर्बीण प्राण्यांइतकीच कड्यांवरचे थर पाहण्यासाठी उपयोगी पडते. तांबडी पट्टी, सच्छिद्र माथा, पापुद्रे सुटलेली शिळा आणि नाल्यातले खळगे या चार गोष्टी ओळखता आल्या, तरी पहिल्या भेटीला पुरे.

स्फटिक किंवा गारगोटी उचलून घरी नेण्याचा मोह आवरला पाहिजे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातला दगड आणि माती हेही वनोपज आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून वनोपज काढण्यास मनाई आहे. खडक पुन्हा उगवत नाही, एवढे एक कारणही खरे तर पुरेसे आहे.

राखण्याची गोष्ट

अंबाबरव्याचे संरक्षण वाघाच्या नावाने होते, आणि वाघाच्या नावाने जंगल वाचते हे चांगलेच आहे. परंतु अभयारण्याची हद्द डोंगरावर संपते, पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा मात्र हद्दीबाहेर राहतो. गोडे पाणी मुरते ते तेथे. या पट्ट्यात नाल्यांच्या पात्रातून वाळू-गोटे उपसणे थांबवले पाहिजे, नाल्यांची तोंडे मोकळी ठेवली पाहिजेत आणि कूपनलिकांच्या खोलीला गावाने मर्यादा घालून घेतली पाहिजे. तालुक्यातील प्रत्येक शाळेने मुलांना वर्षातून एकदा पूर्णेच्या काठापासून डोंगराच्या कड्यापर्यंत न्यावे आणि वाटेवरच्या तीन ठिकाणच्या विहिरींचे पाणी चाखून-तपासून पाहायला लावावे. खारपाणातल्या मुलांना आपल्या घोटभर गोड्या पाण्याचा उगम डोंगरातल्या कातळात आहे हे स्वतःच्या अनुभवाने कळले, तर हा डोंगर राखायला उद्या वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.